ब्लॅक पावडरच्या सामन्यानंतर: लिव्हर-ॲक्शन रायफल आणि पितळी पुंगळ्यांची साफसफाई

काउबॉय ॲक्शन शूटिंगमध्ये, म्हणजे जुन्या काउबॉय काळातल्या धाटणीच्या बंदुकांनी खेळल्या जाणाऱ्या नेमबाजीत, धूररहित पावडर सोडून ब्लॅक पावडरकडे वळलेल्या नेमबाजाला सर्वाधिक धास्ती असते ती साफसफाईची. ‘एका दिवसाची मजा आणि दोन दिवसांची धुणी’ अशी या पावडरची ख्याती झाली आहे, आणि त्यामुळे अनेक जण फ्रंटियर कार्ट्रिज, म्हणजे ब्लॅक पावडरच्या काडतुसांचा, या गटाच्या वाटेलाच जात नाहीत. माझा अनुभव वेगळा आहे. ह्यूस्टनजवळच्या दमट हवेत कित्येक वर्षे .४४-४० मापाच्या काडतुसाची, विंचेस्टरच्या १८७३ नमुन्याची लिव्हर-ॲक्शन रायफल (घोड्याभोवतीची लिव्हर खाली-वर करून काडतूस भरणारी) वापरल्यानंतर मी खात्रीने सांगू शकतो की सामन्यानंतर साधारण अर्ध्या तासाचे काम पुरते. अट एकच आहे: आपण नेमके काय धूत आहोत हे आधी समजून घ्यावे आणि ते काम त्याच दिवशी करावे.

ब्लॅक पावडर म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. साधारण प्रमाण ७५, १५ आणि १०. आपल्या गडकोटांवरील दारूकोठारांत जी दारू भरून ठेवलेली असे, तीच ही. धूररहित पावडर जळून जवळजवळ पूर्णपणे वायुरूप होते, तर ब्लॅक पावडरच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या स्वरूपात मागे उरतो. या राखेत मुख्यतः पोटॅशियमचे क्षार असतात, म्हणजे कार्बोनेट, सल्फेट आणि थोडे सल्फाइड. हे क्षार हवेतील ओलावा ओढून घेतात, मिठाच्या बरणीचे झाकण पावसाळ्यात उघडे राहिल्यावर मीठ जसे पाझरू लागते तसे, आणि तो ओलावा पोलादावर टेकवून ठेवतात. गंज धरतो तो यामुळे. मात्र त्याच गुणाची दुसरी बाजू अशी की पाणी ओढणारे हे क्षार पाण्यात सहज विरघळतात. म्हणून या कामातील मुख्य द्रावक साधे पाणी आहे. धूररहित पावडरसाठी बनवलेली पेट्रोलियमयुक्त महागडी द्रावणे येथे फारशी उपयोगाची नाहीत. उलट खनिज तेल आणि ब्लॅक पावडरची राख एकत्र आली की डांबरासारखा चिवट थर तयार होतो, आणि तो काढताना पाणीही हतबल होते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. ‘पायरोडेक्स’सारख्या पर्यायी पावडरीत पोटॅशियम परक्लोरेट असते आणि ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरते. हे क्लोराइड पोलादाला अस्सल ब्लॅक पावडरच्या राखेपेक्षा अधिक त्रासदायक ठरते. पर्यायी पावडर आहे म्हणून सफाई उद्यावर ढकलता येईल असे कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

साहित्य

बहुतेक साहित्य घरात सापडते. एक बादली कोमट पाणी, त्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे दोन थेंब, पितळी किंवा प्लास्टिकचा मुलामा असलेला सफाईचा गज, नळीच्या मापाचे काशाचे किंवा नायलॉनचे दोन ब्रश, चेंबरसाठी, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या भागासाठी, थोडा जाड ब्रश, कानकोरण्यासारख्या कापूस लावलेल्या काड्या, आणि स्क्रूच्या खाचेत बरोबर बसणारे, समांतर धारेचे पेचकस. गजावर गुंडाळायला बाजारात कापडाचे तयार चौकोन मिळतात, पण जुन्या सुती धोतराचे किंवा मलमलीचे चौकोन मला अधिक पसंत आहेत, कारण ते पाणी लगेच शोषतात आणि त्यांचे धागे सुटत नाहीत. तेलासाठी बॅलिस्टोल ठेवावे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत तयार झालेले हे तेल पाण्यात मिसळल्यावर दुधासारखे पांढरे होते. एक भाग बॅलिस्टोल आणि सात ते दहा भाग पाणी असे मिश्रण फवारणीच्या बाटलीत भरून मैदानावर न्यावे. पाणी राख विरघळवते आणि ते उडून गेल्यावर तेलाचा पातळ थर मागे राहतो.

मैदानावरची पाच मिनिटे

शेवटची स्टेज, म्हणजे सामन्याची फेरी, संपली आणि अनलोडिंग टेबलवर अधिकाऱ्याने रायफल रिकामी असल्याचे पाहिले, तरी सफाईला हात घालण्यापूर्वी स्वतः पुन्हा पाहावे. नळी सुरक्षित दिशेला ठेवून लिव्हर पूर्ण खाली घ्यावी, चेंबरमध्ये नजर आणि बोट दोन्ही घालावीत, आणि नंतर लिफ्टरच्या (काडतूस वर उचलून चेंबरसमोर आणणाऱ्या भागाच्या) पुढे मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसे साठवणाऱ्या, नळीचे तोंड तपासावे. मॅगझिनमधील फॉलोअर, म्हणजे काडतुसांना मागे ढकलणारी टोपी, दिसली किंवा बोटाला लागली तरच मॅगझिन रिकामे आहे असे समजावे. राखेमुळे फॉलोअर अर्ध्या नळीत अडकू शकतो. अशा वेळी लिव्हर दहा वेळा चालवूनही काही बाहेर येत नाही आणि तरीही एखादे काडतूस आत दडलेले असते. फॉलोअर दिसत नसेल तर साफसफाई तिथेच थांबवावी आणि रेंज अधिकाऱ्याला बोलवावे.

रायफल रिकामी असल्याची खात्री झाली की निर्धारित सुरक्षित जागी नळीत बॅलिस्टोल-पाण्याचे दोन-तीन फवारे मारावेत, एक ओले कापड आरपार काढावे आणि चेंबरमध्ये एक फवारा सोडावा. नळी कोमट असतानाच राख मऊ असते, त्यामुळे येथील एक कापड घरी गेल्यावरच्या पाच कापडांचे काम करते. याच वेळी नळीच्या तोंडाकडेही पाहावे. तेथे गोळीवरील वंगणाची ओलसर, चांदणीसारखी रेघांची नक्षी उमटली असेल, तर वंगण शेवटच्या इंचापर्यंत पुरले असे समजावे. तोंड कोरडे आणि खरखरीत असेल, तर पुढच्या सामन्यासाठी अधिक वंगण धरणारी गोळी निवडावी, आणि वंगण मधमाशांचे मेण व प्राणिज किंवा वनस्पतिजन्य चरबी यांचे असावे.

सुरुवातीच्या काळात मी एकदा हे काम टाळले होते. रविवारी सायंकाळी दमून आलो, रायफल तिच्या पिशवीत तशीच ठेवली आणि सोमवारी रात्री उघडली. पिशवीच्या आतील अस्तराने सगळा ओलावा धरून ठेवला होता, आणि नळीच्या तोंडाशी तपकिरी-केशरी ठिपक्यांची एक बारीक माळ उमटली होती. ते ठिपके निघाले, पण त्यांच्या जागी सुईच्या टोकाएवढे खड्डे कायमचे राहिले, आणि त्या खड्ड्यांत आजही प्रत्येक वेळी थोडी अधिक राख अडकते.

नळी

लिव्हर-ॲक्शन रायफलींमध्ये नळी कोठून साफ करायची हा पहिला प्रश्न येतो. मार्लिन १८९४ मध्ये लिव्हरचा एक स्क्रू काढला की लिव्हर निघते आणि बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग, मागे सरकून बाहेर येतो, त्यामुळे गज मागच्या बाजूने सरळ घालता येतो. मात्र बोल्ट काढताना इजेक्टर हा छोटा भाग आत सुटतो आणि अनेकांच्या गालिच्यात हरवतो, म्हणून खाली पांढरा कपडा पसरावा. विंचेस्टर १८६६, १८७३ आणि १८९२ या नमुन्यांत व त्यांच्या इटलीत बनणाऱ्या प्रतिकृतींत मात्र नळी तोंडाकडूनच साफ करावी लागते. येथे गज नळीच्या तोंडाच्या कडेला घासणार नाही याची फार काळजी घ्यावी. आट्यांचा, म्हणजे नळीच्या आतील पिळदार खाचांचा, शेवट झिजला तर नेम बिघडतो. तोंडावर बसणारा पितळी किंवा प्लास्टिकचा मार्गदर्शक वापरावा.

तोंडाकडून साफ करताना घाण पाणी यंत्रणेत उतरू नये म्हणून मी एक वापरलेली पुंगळी, म्हणजे काडतुसाचे पितळी कवच, चेंबरमध्ये ठेवतो. ती आधीच उडालेली असते आणि तिच्यातला प्रायमर, म्हणजे पावडर पेटवणारी तळाची छोटी टोपी, तसाच असतो, त्यामुळे तिच्या तळातून पाणी जात नाही. तिच्या तळावर लाल रंगाचा ठळक ठिपका लावून ती फक्त याच कामासाठी राखून ठेवली आहे, म्हणजे तिची आणि भरलेल्या काडतुसाची कधी गल्लत होत नाही. लिव्हर बंद करावी, रायफल उभी धरावी आणि छोट्या नरसाळ्याने नळीत कोमट साबणपाणी ओतावे. वीस इंची .४४ नळीत जेमतेम पन्नास मिलिलिटर पाणी मावते, त्यामुळे बादलीभर पाण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. अंगठ्याने तोंड झाकून रायफल दोन-तीनदा मागेपुढे कलती करावी आणि पाणी ओतून द्यावे. पहिले पाणी शाईसारखे काळे आणि कुजलेल्या अंड्याच्या वासाचे येते, दुसरे राखाडी, आणि तिसरे बहुधा स्वच्छ. तिसऱ्यानंतरही पाणी राखाडी असेल तर ओला ब्रश आठ-दहा वेळा पूर्ण आरपार फिरवून पुन्हा धुवावे. ब्रश मध्येच उलटा फिरवू नये.

उकळते पाणी वापरावे की कोमट, यावर जुन्या नेमबाजांमध्ये कडाक्याचे वाद होतात. उकळत्या पाण्याने नळी तापते आणि आपोआप सुकते हे खरे आहे, पण त्याच तापलेल्या, ओल्या, तेलविरहित पोलादावर काही क्षणांत केशरी गंजाचे पातळ पटल चढते. मी कोमट पाण्याच्या बाजूचा आहे. क्षार विरघळायला तेवढी उष्णता पुरते.

पुंगळी काढून टाकल्यानंतर रायफल उलटी, म्हणजे वरची बाजू खाली, करून टेबलावर टेकवावी. १८७३ ची पुंगळी बाहेर फेकण्याची खिडकी वरच असते, त्यामुळे उलट्या स्थितीत उरलेले थेंब यंत्रणेत न झिरपता बाहेर पडतात. आता कोरडी कापडे एकामागून एक फिरवावीत, शेवटचे कापड पूर्ण कोरडे आणि पांढरे निघेपर्यंत.

चेंबर आणि यंत्रणा

यंत्रणा किती घाण होते हे पावडरपेक्षा काडतुसावर अधिक अवलंबून असते, आणि नवख्या माणसाला ही गोष्ट कोणी सांगत नाही. .४४-४० हे काडतूस १८७३ च्या रायफलीबरोबरच आले. त्याच्या पुंगळीची मान पातळ आहे, त्यामुळे कमी दाबावरही ती फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि वायूला मागे येऊ देत नाही. .४५ कोल्टची पुंगळी सरळ आणि जाड आहे, ती तितक्या लवकर फुगत नाही, आणि धूर पुंगळीच्या बाजूने मागे येऊन बोल्ट, लिफ्टर आणि नेमबाजाच्या गालापर्यंत पोहोचतो. एकोणिसाव्या शतकात लिव्हर-ॲक्शन रायफली .४५ कोल्टमध्ये बनत नव्हत्या. आजच्या प्रतिकृतींत हे माप मिळते ते सोयीसाठी, कारण पिस्तूल आणि रायफल दोन्हींना एकच काडतूस चालते. ब्लॅक पावडरच वापरायची असे ठरले असेल, तर माझ्या मते .४४-४० किंवा .३८-४० घ्यावी.

.४४-४० वापरणाऱ्याने प्रत्येक सामन्यानंतर चेंबर, बोल्टचा पुढचा भाग, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी चेंबरमधून ओढून काढणारी आकडी) आणि लिफ्टर एवढे ओल्या काडीने पुसले, कोरडे केले आणि तेलाचा हात फिरवला तरी पुरते. यंत्रणा चार-पाच सामन्यांनी एकदा उघडावी. .४५ कोल्टवाल्याला ती बहुधा दर वेळी उघडावी लागते.

१८७३ उघडणे सोपे आहे, आणि ही रायफल या खेळात एवढी लोकप्रिय असण्याचे हेही एक कारण आहे. दोन्ही बाजूंच्या पाट्या एका आरपार स्क्रूने धरलेल्या असतात. स्क्रू पूर्ण न काढता तीन-चार फेरे सैल करावा आणि पेचकसाच्या लाकडी मुठीने त्याच्या डोक्यावर हलकेच ठोकावे. समोरच्या बाजूची पाटी सुटून येते. मग स्क्रू काढून दुसरी पाटी आतून अलगद ढकलावी. पाटीच्या फटीत पेचकसाचे टोक घालून ती उचकटू नये, कारण कडेवर पडलेला ओरखडा पुन्हा जात नाही. पाट्या निघाल्या की टॉगलचे, म्हणजे लिव्हर आणि बोल्ट यांना जोडणाऱ्या दुव्यांचे, सांधे उघडे पडतात. डावे आणि उजवे सांधे वेगवेगळ्या वाट्यांत ठेवावेत आणि पहिल्या वेळी प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढून ठेवावे. १८९२ च्या बाबतीत मात्र हे करू नये. जॉन ब्राउनिंग यांची ती रचना मजबूत आणि देखणी आहे, पण पुन्हा जोडायला किचकट. तिच्या यंत्रणेत बॅलिस्टोल-पाणी फवारून, ती उलटी करून निथळावी, केस वाळवण्याच्या यंत्राने कोरडी करावी आणि वर्षातून एकदा जाणकार कारागिराकडे द्यावी.

उघडलेल्या यंत्रणेत लक्ष द्यायचे ते फायरिंग पिनकडे, म्हणजे प्रायमरवर आघात करणाऱ्या काडीकडे. राख किंवा गंज यांमुळे पिन पुढे अडकून राहिली, तर बोल्ट पूर्ण बंद होण्याआधीच ती प्रायमरवर आदळू शकते, आणि यातून गंभीर अपघात होतो. पिन बोटाने पुढे ढकलावी आणि ती विनाअडथळा मागे येते का ते पाहावे. किंचितही रखडत असेल, तर त्या रायफलीतून काडतूस उडवू नये. यानंतर लिफ्टर ज्या खोबणीत वर-खाली होतो तिच्या चारही भिंती पुसाव्यात. येथे साचलेला काळा थर अनेकदा साबुदाण्याच्या दाण्यांसारखा गोळे होऊन बसतो, आणि रायफल ‘जड’ चालते अशी तक्रार करणाऱ्यांचा खरा त्रास बहुधा याच खोबणीत सापडतो.

मॅगझिनची नळी वर्षातून एक-दोनदा पुसावी. पुढची टोपी काढताना ती तळव्याने झाकून धरावी, कारण आतली स्प्रिंग दाबलेली असते आणि सुटली तर चेहऱ्याकडे येते. आत तेल जवळजवळ नकोच. प्रायमरपर्यंत पोहोचलेले तेल काडतूस निकामी करू शकते.

कोरडे करणे आणि तेल

पाण्याने धुणे घातक नाही, पाणी राहू देणे घातक आहे. नळी आणि चेंबर कोरड्या कापडाने पुसून झाल्यावर एक कापड अल्कोहोलमध्ये बुडवून फिरवावे, म्हणजे उरलेला ओलावा उडून जातो. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला चालते, पण तेवढ्यावर रायफल कपाटात ठेवू नये. नंतर तेल द्यावेच लागते. शेवटी बॅलिस्टोल लावलेले, पिळलेले कापड नळीतून एकदा फिरवावे. तेल ठिबकेल इतके नको.

दस्ता आणि हातपट्टी यांचे लाकूड ओल्या कापडाने पुसून लगेच कोरडे करावे. लाकडाला जवसाचे तेल दिलेले असेल, तर वर्षाकाठी दोनदा तळहाताने अगदी थोडे तेल चोळावे. मात्र जवसाच्या तेलाची फडकी कधीही चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. हे तेल हवेशी संयोग पावताना उष्णता निर्माण करते, आणि गोळा झालेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून पूर्ण वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत.

पुंगळ्या

जे स्वतःची काडतुसे भरतात, त्यांच्यासाठी पुंगळी ही रायफलीइतकीच मोलाची असते, आणि ब्लॅक पावडरची राख पितळाला झपाट्याने कळकवते. मैदानावरच एक मोठी प्लास्टिकची बरणी साबणपाण्याने अर्धी भरून ठेवावी आणि वेचलेल्या पुंगळ्या तिच्यात टाकाव्यात. घरी आल्यावर प्रायमर काढून, प्रायमरची जागाही धुतली जाईल अशा रीतीने पाणी दोन-तीनदा बदलावे. त्यानंतर स्टेनलेस स्टीलच्या बारीक सळ्या, पाणी, साबणाचा एक थेंब आणि चिमूटभर लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, घालून टंबलरमध्ये, म्हणजे पुंगळ्या घुसळून साफ करणाऱ्या यंत्रात, फिरवावे. लिंबूफूल जास्त झाले तर पितळातील जस्त पृष्ठभागावरून निघते आणि पुंगळी गुलाबी दिसू लागते. ते जास्त झाल्याची हीच खूण.

येथे शिश्याचा धोका लक्षात ठेवावा. वापरलेल्या प्रायमरच्या अवशेषात शिसे असते. म्हणून हातमोजे घालावेत, स्वयंपाकघरातील भांडी आणि मोरी वापरू नये, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये, आणि काम संपल्यावर हात गार पाणी व साबणाने धुवावेत. ओले टंबलिंग मी पसंत करतो त्याचे खरे कारण पुंगळीची चमक नसून हे आहे. कोरड्या टंबलिंगमध्ये उडणारी धूळ श्वासातून आत जाते.

देवाची भांडी लख्ख करणारी पॉलिश पुंगळ्यांना लावण्याचा मोह होतो, पण त्यात अमोनिया असेल तर ती अजिबात लावू नये. याची कथा आपल्याच देशात घडलेली आहे. ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसे भारतात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवली जात, आणि ती आपोआप तडकत. ऋतूशी संबंध दिसल्यामुळे या दोषाला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पुंगळी बनवताना पितळात राहिलेला ताण, हे त्याचे कारण १९२१ मध्ये स्पष्ट झाले.

वाळलेल्या पुंगळ्या दिव्याखाली एक-एक करून पाहाव्यात. .४४-४० मध्ये सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे तोंडाला उभी चीर. बोटांमध्ये पाच-सहा पुंगळ्या घेऊन त्या हलक्या हाताने खुळखुळवल्या, तर धड पुंगळी खणखणीत वाजते आणि चिरलेली बद्द आवाज करते. फुटके मडके ओळखावे तशी ती कानालाच कळते. तळाच्या वर चकचकीत आडवे वलय दिसले, किंवा आतून वाकवलेली तार फिरवल्यावर तेथे खाच लागली, तर ती पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाकावी, म्हणजे ती चुकून पुन्हा वापरात येणार नाही.

दुसरा आणि तिसरा दिवस

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुकी बाळगणाऱ्यांना दमट हवेतील गंज किती चिवट असतो ते ठाऊकच असेल. मेक्सिकोच्या आखाताजवळची हवा त्याहून फार वेगळी नाही. म्हणून सफाईच्या दुसऱ्या दिवशी कोरडे पांढरे कापड नळीतून एकदा काढावे. ते स्वच्छ निघाले तर पुन्हा तेल द्यावे. त्यावर केशरी छटा असेल, तर कोठेतरी क्षार किंवा पाणी राहिले आहे असे समजून पाण्यापासून पुन्हा सुरुवात करावी. नुसते वरून तेल ओतले तर गंज तेलाखाली वाढत राहतो. तिसऱ्या दिवशीही हीच तपासणी करावी. कापड सलग दोन दिवस स्वच्छ निघाल्यावर रायफल कुलूपबंद कपाटात उभी ठेवावी, पिशवीत नव्हे. पुढच्या सामन्याच्या सकाळी कोरड्या कापडाने नळी आणि चेंबरमधील तेल पुसून काढावे, फॉलोअर मोकळा सरकतो का ते पाहावे, आणि मगच रायफल गाडीत ठेवावी.